शेळीला अपत्य होतं का?

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या वकील संघाचेही अध्यक्ष माननीय वीरप्पासाहेब. बदली होऊन गेल्यावरसुद्धा केवळ अप्पांसाठी एवढा प्रवास करून आलेल्या प्रमुख पाहुण्या, न्यायाधीश माननीय दीपाली मॅडम. व्यासपीठावर खुर्ची मिळालेले आणि थोडक्यात हुकलेले सर्व मान्यवर. आजचे सत्कारमूर्ती आदरणीय शांतलिंगअप्पा. ज्यांनी घरातसुद्धा अप्पांचे युक्तिवाद ऐकून घेतले आणि तरीही संसार केला त्या महानंदाकाकू. ज्येष्ठ आणि कनिष्ठ वकील बंधू-भगिनींनो, कोर्टातले सर्व कर्मचारी, टंकलेखक, मुद्रांक विक्रेते, मुन्शी मंडळी. आणि शेवटच्या रांगेत दाराजवळ बसलेल्या, शेळ्या बांधून आल्यामुळं हा कार्यक्रम लवकर उरकावा अशी मनापासून इच्छा असलेल्या बानूबाई. आपणा सर्वांना माझा नमस्कार आणि आदाब.

मी अ‍ॅडव्होकेट फरहाना. अप्पांची ज्युनिअर. एवढी ओळख आपल्या कोर्टात पुरते, म्हणून पुढं सांगत नाही.

माझ्या आधी बोललेल्या वक्त्यांनी अप्पांना दीपस्तंभ म्हटलं, वटवृक्ष म्हटलं आणि एका वक्त्यांनी हिमालयही म्हटलं. अप्पांची उंची आपणा सर्वांना माहीत आहे. त्यामुळं हिमालयाच्या वेळी मागं थोडं हसू आलं, ते कामकाजात घेऊ नये अशी माझी अध्यक्षांना विनंती आहे.

अध्यक्षसाहेबांनी मला मात्र कुठलीही उपमा न देता थेट विषयच दिला. पत्रिकेत छापलंय बघा, ‘अप्पा आणि कायद्यातली नीती’. ही पत्रिका अप्पांच्या हातात पडली तेव्हा मी समोर होते. त्यांनी चष्मा वर सरकवला, ती ओळ पुन्हा वाचली आणि विचारलं, की यातलं ‘आणि’ कुणी घातलं. कारण अप्पांच्या मते कायदा आणि नीती यांच्यात ‘आणि’ येत नाही. फार तर स्वल्पविराम येतो.

मी अप्पांच्या टेबलाशी पहिल्यांदा बसले तेव्हा नुकतीच सनद मिळाली होती आणि डोक्यात न्याय, समता, माणुसकी असे सगळे मोठे शब्द होते. पहिलाच अर्ज लिहिला, त्यात मी ‘हे अत्यंत अन्यायाचे आहे’ असं वाक्य घातलं. अप्पांनी ते वाचलं. म्हणाले, “अन्याय कुठल्या कलमात येतो, तेवढं शोधून सांग. मग ठेवू.” मी दुपारभर शोधलं. संध्याकाळी ते वाक्य खोडून घरी गेले.

थोरामोठ्यांनी यावर जाडजूड पुस्तकं लिहिली आहेत आणि त्यांची भांडणं अजून मिटलेली नाहीत. एका पंथाचं म्हणणं असं, की कायदा म्हणजे जे रीतसर लिहिलं गेलं ते. ते चांगलं की वाईट हा वेगळा प्रश्न, तो कोर्टाच्या बाहेर विचारा. दुसरा पंथ म्हणतो, ज्यात नीतीच नाही त्याला कायदा म्हणायचंच कशाला? नुसती जबरदस्ती म्हणा की. आमच्या कॉलेजात हे दोन्ही पंथ प्रश्नपत्रिकेत यायचे आणि आम्ही दोघांनाही बरोबर म्हणून उत्तीर्ण व्हायचो. अप्पांकडं ती सोय नव्हती. अप्पा पहिल्या पंथाचे, आणि पंथ म्हटल्यावर अगदी कडक सोवळ्यातले.

आता हे ऐकून कुणाला वाटेल अप्पा कोरडे आहेत. तसं नाही हो. मी एकदा चिडून विचारलं होतं, की अप्पा, कायदा वाचताना मन बाजूला कसं ठेवायचं? तेव्हा ते म्हणाले, “आज तू तुजं मन घालून वाचलीस, तर उद्या समोरचाबी त्याचं मन घालून वाचणार. आन् त्याचं मन तुज्यापेक्षा वाईट निघालं तर कुटं जाशील?” एका गावात चार पुढारी नीतीचं नाव पुढं करून एका बाईला तिच्या घरातून काढायला निघाले होते. त्यांच्या तोंडी सगळी संस्कृती होती. अप्पांनी संस्कृतीला हात लावला नाही. एका कोरड्या कलमावर बोट ठेवलं आणि त्या बाईला तिच्या घरात ठेवलं. तेव्हा कोरडेपणाचीही काही पुण्याई असते हे मला मान्य आहे.

पण मला आज सांगायचंय ते शेळीचं.

मॅडम हसताहेत. मॅडम, आता तुमची बदली झाली आहे, मोकळेपणानं हसा. त्या वेळी तुम्ही ओठ किती घट्ट दाबले होते ते आम्ही सगळ्यांनी बघितलं आहे.

झालं असं, की नळदुर्गच्या हायवेवर गफारभाईंचा ढाबा आहे. त्यांच्या ढाब्याच्या भिंतीचा दावा अप्पांनी जिंकून दिला. गफारभाई खूश झाले आणि दुसऱ्या दिवशी अप्पांच्या ऑफिसच्या व्हरांड्यात एक काळीभोर, लांब कानांची शेळी आणून बांधली. म्हणाले, ही दावतीला. आता अप्पांच्या घरात अंडं फुटल्याचा आवाजसुद्धा आजवर आलेला नाही. गफारभाईंनाही ते माहीत होतं. ते म्हणाले, तुम्ही नका खाऊ, पाव्हण्यांना घाला. अप्पांना नाही म्हणवेना. आलेल्या माणसाचं मन मोडू नये, असं काहीसं पुटपुटत त्यांनी शेळी ठेवून घेतली. मन हा शब्द त्यांच्या तोंडून चांगल्या अर्थानं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

दुपारपर्यंत शेळीनं एका दिवाणी दाव्याचं उत्तर खाल्लं. संध्याकाळी तिला कुठंतरी पाठवणं भाग होतं.

नळदुर्गच्या अलीकडं वस्तीवर बानूबाई राहतात, नवरा गेल्यापासून एकट्याच. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्याच्या शेळ्या अर्धलीनं सांभाळल्या. आपल्याकडं हे सगळ्यांना माहीत आहे, पण मॅडमबरोबर त्यांच्या नव्या गावाहून आलेल्या मंडळींसाठी सांगते. शेळी एकाची, राखण दुसऱ्याची, करडं झाली की वाटून घ्यायची. हा व्यवहार आपल्या भागात तोंडी होतो. कुणी कागद करत नाही. शेळीच्या दोरीला हात लागला की करार झाला.

अप्पांनी कागद केला.

मुद्रांकावर केला. दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन केला. त्यांचा मुन्शी भागवत टाइप करायला बसला तेव्हा संगणकावर एक मृत्युपत्र उघडं होतं. भागवतनं विचार केला, नवीन कशाला लिहा. त्यानं मयत काढला आणि तिथं शेळी घातली. बाकी भाषा तशीच राहिली. त्यामुळं त्या ऐतिहासिक दस्तात असं वाक्य आलं, ते मला पाठ आहे, ‘सदर शेळीचे प्रथम वेतातील अपत्य हे लिहून देणार यांचे मालकीचे राहील व द्वितीय वेतातील अपत्य हे लिहून घेणार यांचे मालकीचे राहील.’ अप्पांनी ते वाचलं. ‘अपत्य’ या शब्दापाशी थांबले. मला वाटलं बदलतील. म्हणाले, शुद्ध शब्द आहे, राहू दे.

जुळ्यांचा विचारच न करण्याची ही चूक आपल्याकडं फक्त शाकाहारी वकीलच करू शकतो. कारण ही शेळी होती उस्मानाबादी. जिल्ह्याचं नाव बदललं, शेळीचं अजून तेच आहे, तिच्या बाबतीत कुणी अधिसूचना काढलेली नाही. आणि उस्मानाबादी शेळीला जुळं होणं यात नवल ते काय? शेळी पाळणारं कुठलंही घर हे धरूनच चालतं. अप्पा जन्मले या जिल्ह्यात, वाढले या जिल्ह्यात, पण शेळीशी त्यांची ओळख फक्त फिर्यादीतली.

व्हायचं तेच झालं. पहिल्या वेताला, म्हणजे पहिल्याच बाळंतपणाला, जुळं झालं. एक बोकड आणि एक मादी, म्हणजे पाठ. आणि पुढच्याच महिन्यात शेळीला साप चावला, शेळी मेली. बानूबाईंनी दोन्ही करडं बाटलीनं दूध पाजून जगवली. घरात जागा नव्हती तर चुलीशेजारी निजवली. करडं मोठी झाली, उड्या मारायला लागली, आणि मग अप्पांनी भागवतला पाठवलं.

भागवत दोन दोऱ्या घेऊन गेला आणि एकच करडू घेऊन आला. बोकड मिळाला होता. बानूबाईंनी निरोप दिला होता, की जुळं झालं तर एक मालकाचं, एक राखणाऱ्याचं, ही रीत आहे. त्यावर अप्पांनी कागद काढला. पहिलं वेत मालकाचं, दुसरं वेत राखणाऱ्याचं, यात रीत कुठं लिहिली आहे? आणि दुसरं वेत? ते शेळीबरोबर गेलं. म्हणजे कागदाप्रमाणं बानूबाईंच्या वाट्याला आलं काय, तर चुलीपाशी सांडलेलं दूध.

काकूंनी सांगितलं, सोडून द्या. भागवतनंही तेच सांगितलं. गफारभाईंनी तर येऊन हात जोडले, म्हणाले मी दुसरी शेळी देतो, पण हे थांबवा. अप्पा म्हणाले, “शेळीचा प्रश्न न्हाई. शब्दाचा हाय. आपण लिहिलेला शब्द आपणच मोडायचा, तर दुसऱ्याला पाळायला कुठल्या तोंडानं सांगायचं?” आणि त्यांनी दावा दाखल केला. वादी शांतलिंगअप्पा, प्रतिवादी बानूबाई. मिळकतीचं वर्णन, काळी पाठ, एक कान थोडा दुमडलेला.

समन्स आल्यावर बानूबाई कोर्टाच्या आवारात आल्या. एकेका वकिलाच्या टेबलाशी गेल्या. समोर अप्पा आहेत म्हटल्यावर प्रत्येकाला त्या तारखेला दुसरीकडं काम निघालं. माझ्यापाशी आल्या तेव्हा मी सरळ सांगितलं, की मी अप्पांचीच ज्युनिअर आहे, मला तुमचं काम घेता येणार नाही. त्या उठल्या नाहीत. तिथंच खाली बसून म्हणाल्या, “पोरी, जलमभर शेळ्या राखल्या. वाट्याची करडं इकावी लागली, येक बी माजी म्हून ऱ्हायली न्हाय. ह्यी पाठ माजी हाय म्हून म्या तिला हाक मारली, ती आली. आता तिला काय सांगू?”

मी घरी गेले. अम्मीला सांगितलं. अम्मी म्हणाली, उस्तादाच्या समोर उभी राहशील तर दुनिया थुंकेल. मग पुढची भाकरी थापली आणि म्हणाली, पण ती पाठ त्या बाईचीच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अप्पांसमोर उभी राहिले. म्हटलं, अप्पा, मी तुमचं ऑफिस सोडते आणि बानूबाईंचं वकीलपत्र घेते. अप्पांनी फाईल बंद केली. माझ्याकडं बघितलं. “घे. पण नीती घेऊन येऊ नको. कायदा घेऊन ये.” एवढंच बोलले. मी माझं टेबल उचललं आणि व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला मांडलं. दुसरीकडं जागाच नव्हती. त्यामुळं तो सगळा काळ आम्ही एकमेकांचे विरोधक एकाच व्हरांड्यात बसत होतो, मधे बोकड बांधलेला, आणि काकू दोन्ही टोकांना चहा पाठवत होत्या. माझ्या चहात आलं असायचं. अप्पांनी त्यावर हरकत घेतली होती. काकूंनी ती फेटाळली.

दावा उभा राहिला. अप्पा स्वतःच वादी, म्हणून काळा कोट न घालता साध्या पांढऱ्या सदऱ्यात आले. शिपायानं त्यांना पक्षकार समजून बाकावर बसवलं. तिथूनच त्यांनी कामकाज सुरू केलं.

मी माझं पहिलं अस्त्र काढलं. करार कायद्यातच लिहिलंय, की करार नीतीला धरून नसेल तर तो चालत नाही. म्हणजे बघा, कायद्याच्या पोटातच नीती आहे, अप्पांनी मला जी कधी सापडू दिली नाही ती. एका विधवेनं करडं जगवायची आणि मालकानं दोन्ही न्यायची, हे नीतीला धरून आहे का? मी जोरात विचारलं. मला वाटलं कोर्ट हेलावलं. अप्पा उठले. म्हणाले, मॅडम, कलमात असं आहे की कराराचा हेतू अनैतिक नसावा. या कराराचा हेतू शेळी पाळणं हा आहे. शेळी पाळणं अनैतिक असेल, तर मी अनैतिक, बानूबाई अनैतिक, आणि निम्मा जिल्हा अनैतिक.

माझं दुसरं अस्त्र रूढीचं. दोन म्हाताऱ्या मेंढपाळांना आणून मी सांगायला लावलं, की जुळं झालं तर एकेक, अशीच चाल आहे. अप्पा म्हणाले, चाल आहे, मान्य. पण जिथं कागद बोलतो तिथं चालीनं गप्प बसायचं असतं. नाहीतर लोकांनी कागद करायचे कशाला?

मग मी व्याकरणाला हात घातला. म्हटलं, मॅडम, करारात ‘अपत्य’ आहे, ‘अपत्ये’ नाही. एकवचन आहे. म्हणजे पहिल्या वेतातलं एकच अप्पांचं. यावर अप्पांनी मला जे विचारलं ते आजही आपल्या बाररूममध्ये सांगितलं जातं. म्हणाले, “एखाद्या जोडप्याला अपत्य नाही असं आपण म्हणतो, तेव्हा विद्वान वकिलांच्या मते त्यांना एक नाही, पण दोन आहेत, असा अर्थ होतो काय?”

मॅडमनी तेव्हा ओठ दाबले.

मला राग आला. आणि रागात माणसाला सुचतं ते फार हुशारीचं वाटतं. मी म्हटलं, ठीक आहे, शब्दच बघायचा तर नीट बघू. अपत्य माणसाला होतं. शेळीला करडू होतं. शेळीला अपत्य होतं का? होत नाही. मग या कराराप्रमाणं अप्पांना शेळीचं अपत्य मिळणार होतं, ते त्यांनी खुशाल घ्यावं, कुठं आहे ते दाखवावं. कोर्टात हशा पिकला. मागं उभे असलेले वकील एकमेकांना टाळ्या द्यायला लागले. मला वाटलं, जिंकले.

अप्पा शांतपणे उठले. म्हणाले, मॅडम, विद्वान वकिलांचं म्हणणं मला मान्य आहे. शेळीला अपत्य होत नाही. म्हणजे करारातली अट निरर्थक. अट निरर्थक म्हणून करार निरर्थक. आणि करारच नाही म्हटल्यावर शेळी माझी, शेळीची दोन्ही करडं माझी, आणि प्रतिवादीला फार तर राखणीची मजुरी मिळेल. मी या युक्तिवादाबद्दल समोरच्या वकिलांचा आभारी आहे.

मंडळी, स्वतःच्याच विनोदावर स्वतःचं अशील बुडालेलं मी त्या दिवशी बघितलं. बानूबाईंना सगळं कळलं नव्हतं, पण लोक हसायचे थांबले एवढं त्यांना कळलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मी फाईलमध्ये काहीतरी शोधायला लागले. फाईलमध्ये काहीच नव्हतं.

मग बानूबाई साक्षीच्या पिंजऱ्यात गेल्या. अप्पांच्या उलटतपासणीचं आपल्याकडं नाव आहे. पाटलासारखी माणसंसुद्धा तिथं पाणी मागायची. अप्पांनी कागद दाखवला. हा अंगठा तुमचा का? व्हय. कागद वाचून दाखवला होता का? व्हय, भागवतनं वाचला. समजला होता का? न्हाय.

आता वकील मंडळींना माहीत आहे, इथं थांबायचं असतं. पण अप्पांना हा मुद्दा पुरता बंद करायचा होता. त्यांनी विचारलं, “न समजता अंगठा कसा काय दिला?”

बानूबाई म्हणाल्या, “अप्पा, मला कागद कुटं वाचता येतुय. म्या कागदावर न्हाय, तुमच्यावर अंगठा दिला.”

त्यात तक्रार नव्हती, हे मला आज मुद्दाम सांगायचंय. राग नव्हता, रडणं नव्हतं. त्यांना विचारलं, त्यांनी सांगितलं. पुढचा प्रश्न येईल म्हणून त्या उभ्या राहिल्या.

अप्पांच्या हातात तो दस्त होता. अप्पा खाली बसले. मॅडमनी विचारलं, अप्पा, आणखी काही प्रश्न? अप्पांनी मानेनं नाही म्हटलं. मॅडमनी मला विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय? मी उभी राहिले. माझ्यापाशी सांगायला एकही कलम उरलं नव्हतं.

तेवढ्यात अप्पा पुन्हा उठले. घसा साफ केला. म्हणाले, “मॅडम, समोरच्या विद्वान वकिलांच्या ध्यानात आलेलं दिसत नाही, म्हणून कोर्टाच्या मदतीसाठी एक नियम निदर्शनास आणतो. दस्तातला शब्द संदिग्ध असेल, त्याचे दोन अर्थ निघत असतील, तर ज्यानं दस्त लिहिला त्याच्या विरुद्ध जाणारा अर्थ घ्यावा. अपत्य म्हणजे एक की दोन, हे संदिग्ध आहे. आज दिवसभर आम्ही दोघांनी तेच सिद्ध केलं. आणि हा दस्त मी लिहिला आहे.”

मॅडम म्हणाल्या, अप्पा, तुम्ही तुमच्याच विरुद्ध बोलताय. अप्पा म्हणाले, “मी कुणाच्याच विरुद्ध बोलत नाही. नियम सांगतोय.”

मॅडमनी तो नियम मान्य केला, एकच करडू अप्पांचं ठरवलं आणि बानूबाईंना विचारलं, दोनातलं कोणतं ठेवणार? बानूबाई म्हणाल्या, “पाठ.” कोर्टातल्या प्रत्येकाला हे उत्तर आधीच माहीत होतं, तरी सगळ्यांनी ते कान देऊन ऐकलं. मग त्यांनी मॅडमना विचारलं, की आता ती माजी झाली का? मॅडम म्हणाल्या, झाली. त्यांनी पुन्हा विचारलं, कागदावर बी? मॅडम म्हणाल्या, कागदावरसुद्धा.

बाहेर आल्यावर सगळ्यांनी अप्पांना घेरलं. काय मोठं मन, काय दिलदारी. अप्पा भडकले. “मनाचा काय संबंध? नियम व्हता, सांगितला.” जो कुणी ‘मन’ म्हणाला त्याच्याबरोबर ते त्या दिवशी चहाला गेले नाहीत. त्यामुळं चहाला फक्त आम्ही दोघं गेलो, कारण ‘मन’ म्हणाली नव्हती ती एकटी मी. टपरीवर बसल्यावर म्हणाले, उद्यापासून टेबल परत आण, तिकडं ऊन येतं.

बोकड अजून अप्पांच्या दारात आहे. त्याला बाजारात न्यायचं दर आठवड्याला ठरतं आणि दर आठवड्याला काहीतरी कायदेशीर अडचण निघते. आता अप्पा सोलापूरला लेकीकडं, निकिताताईंकडं राहायला चाललेत. आजचा निरोप फक्त अप्पांना आहे. बोकडाच्या ताब्याचा प्रश्न काकूंकडं निर्णयासाठी राखून ठेवलेला आहे.

आता तुम्ही म्हणाल, बाई, या गोष्टीत नीती कुठं आली? अप्पा तर नियमानंच चालले. मलाही हा प्रश्न फार दिवस छळत होता. न्यायाधीश, वकील, आपण सगळे, कायद्याचा अर्थ लावतो म्हणजे नेमकं काय करतो? कागदात उत्तर सापडतं म्हणून ते देतो, की उत्तर आधी आत कुठंतरी ठरतं आणि मग आपण त्याला कागद शोधतो? मोठमोठी पुस्तकं यावर अडली आहेत. मला पुस्तक वाचण्यापेक्षा अप्पांना विचारणं सोपं होतं.

गेल्या आठवड्यात मी त्यांची पुस्तकं बांधायला गेले होते. अप्पा एकेक पुस्तक पुसून माझ्या हातात देत होते. मी विचारलं, अप्पा, आता समोर कोर्ट नाही, प्रतिवादी नाही, मी तुमची ज्युनिअर आहे. खरं सांगा. त्या दिवशी आधी काय आठवलं? नियम, का बानूबाई?

अप्पांनी पुसून झालेलं पुस्तक पुन्हा पुसायला घेतलं. मग म्हणाले, “आधी खाली बसलो. का बसलो ते मला कळलं न्हाई. नियम बसल्यावर आठवला.”

अप्पा, तुम्हाला हे भर सभेत सांगितलेलं आवडणार नाही. तुमच्या चेहऱ्यावर हरकत दिसतेच आहे. पण मला तुमच्याकडून वकिलीत जे काही मिळालं, त्यातलं सगळ्यात मोलाचं हेच आहे. वाचायचं ते नीट, अक्षरन् अक्षर वाचायचं. दुसऱ्याच्या कागदात आपलं मन घुसवायचं नाही. पण समोरचं माणूस आपल्यावर अंगठा देऊन उभं आहे हे कळलं, की आधी खाली बसायचं. उद्या सकाळी व्हरांड्यात तुमची खुर्ची रिकामी असणार आहे आणि मला तुमची फार आठवण येणार आहे. याला माझ्याकडं कलम नाही. तसंच रेकॉर्डवर घ्यावं.

अध्यक्षांनी मला बोलायची संधी दिली, मॅडम एवढ्या लांबून आल्या, काकूंनी आलं घालून चहा दिला आणि बानूबाईंनी शेळ्या सोडून इतका वेळ ऐकून घेतलं, या सगळ्यांची मी ऋणी आहे. जेवण तयार आहे असा आचाऱ्याचा निरोपही आला आहे. माझ्या बोलण्यात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाचा मान कमी पडला असेल, एखाद्या शब्दाचे दोन अर्थ निघत असतील, तर नियमाप्रमाणं माझ्या विरुद्ध जाणारा अर्थ घ्यावा, कारण हे भाषण मीच लिहिलं आहे. पण नियम आठवण्याआधी खाली बसायचं असतं, आणि तुम्ही सगळे बसलेलेच आहात. म्हणून मला माफीची आशा आहे.